बायोडिग्रेडेबल की कंपोस्टेबल? गडावर दोन्हींचं उत्तर एकच

पावसाळा सरला की ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: ‘प्लेट, ग्लास, पिशव्या सगळं बायोडिग्रेडेबल आहे, कचऱ्याचं टेन्शन नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. शेजारच्या ग्रुपवर तेच सामान ‘कंपोस्टेबल’ असतं. रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलने निघालेली ही मंडळी संध्याकाळी रिकाम्या पाठपिशव्या घेऊन परततात, आणि सामान वरच राहतं.

साध्या प्लास्टिकबद्दल काही सांगत नाही. राज्यातल्या २०१८च्या बंदीनंतर भाजीवालाही त्यावर भाषण देऊ शकतो.

बायोडिग्रेडेबल म्हणजे सूक्ष्मजीव ज्याचा कधी ना कधी फडशा पाडतात ते. हे ‘कधी’ कुठेच लिहिलेलं नसतं. सागाचा ओंडकाही बायोडिग्रेडेबलच. कंपोस्टेबलला मुदत असते, पण मुदतीसोबत अटीही असतात आणि त्या कुणी वाचत नाही. आयएसओ १७०८८ या मानकानुसार प्रयोगशाळेतल्या चाचणीत खत ५८ अंशांच्या आसपास तापलेलं ठेवतात, ओल आणि हवा सांभाळतात. अशा लाडात १८० दिवसांच्या आत वस्तूतल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला, तर ती पास. म्हणजे तो शिक्का त्या वस्तूला मिळतो तो खताच्या तापलेल्या ढिगासाठी. डोंगराचा त्यात कुठे संबंधच येत नाही.

तो पारदर्शक ‘मक्याचा’ ग्लास घ्या. तो पीएलए नावाच्या, मक्याच्या स्टार्चपासून बनवलेल्या प्लास्टिकचा असतो आणि साधारण ६० अंशांपर्यंत कडकच राहतो. तेवढी ऊब आणि ओल एकाच वेळी मिळाली, तरच तो झपाट्याने मोडायला लागतो. हरिश्चंद्रगडावर मे महिन्यात कातळ चटके देतो, पण तेव्हा टिपूस नसतो. जुलैत सगळं चिंब, पण ऊब नाही. कातळावरची माती बोटभर, तिच्यात ढीग कसला तापणार? मग पहिल्या मोठ्या पावसात ग्लास घळीतून खाली जातो आणि कुणाच्या तरी भातखाचराच्या बांधाला अडकतो, अगदी प्लास्टिकच्या ग्लाससारखाच.

हिरव्या कंपोस्टेबल पिशवीचंही तेच, वर आणखी एक भर. तिला उरलेल्या पुलावाचा वास असतो आणि माचीवरच्या गाईला त्यावरचा शिक्का वाचता येत नाही.

‘बरं, मग संत्र्याची साल तरी?’ तीही नको. सोसायटीत ती ओल्या डब्यात जाते ती पुढे खत होण्यासाठी. उन्हाळी कातळावर ती वाळून चामड्यासारखी होते आणि पडून राहते. त्याआधी माकडांनी गाठली, तर ती पुढच्या वेळी थेट तुमच्या बॅगेची चेन उघडायला येतात.

साबणाचा घोळ तर मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘बायोडिग्रेडेबल आहे हो’ म्हणत लोक गडाच्या टाक्याच्या काठावर बसून कुकर घासतात. साबण पचवायला जिवाणू आणि वेळ लागतो, आणि ते काम माती चांगलं करते. टाक्यातलं पाणी वाहत नाही. पावसाळ्यात भरलं की पुढच्या पावसापर्यंत तेच पाणी. तुमचा फेस, तळाशी बसलेली भाताची शितं, वरचा तेलाचा तवंग, हे सगळं मागून येणारा बाटलीत भरतो. पातेल्यात पाणी काढून घ्या, टाक्यापासून निदान सत्तर पावलं लांब जा, तिथे राखेने घासा आणि खरकटं पाणी मातीवर पसरून ओता. शितं गाळून पिशवीत.

पुरून टाकणं? रानडुकरं आणि कुत्री रातोरात उकरतात. जाळणं? वाळलेल्या गवताच्या मोसमात त्याचं नावही काढू नका. शिवाय राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

माझं मत विचाराल तर प्रत्येकाने आपलं स्टीलचं ताट-वाटी आणावी. पाठीवर जड होतं ही तक्रार मला मान्य नाही. ब्लूटूथ स्पीकर बरा जड होत नाही.

अगदीच नाही जमलं तर पानांची पत्रावळ. तीही वर टाकायची नाही, पायथ्याच्या ज्या घरी जेवता तिथल्या मावशींना विचारून त्यांच्या उकिरड्यावर. फक्त आधी ती खरंच पानांची आहे का ते बघा. हल्ली बाजारातल्या कितीतरी पत्रावळींवर आणि द्रोणांवर आतून चकचकीत थर दाबलेला असतो. कडेला नख लावून सोला. पातळ पापुद्रा सुटून आला, तर ती उकिरड्यावर टाकू नका, धुऊन परत मुंबईला आणा.