गिटचे दोन एसएसएच पत्ते: एकात कोलन, दुसऱ्यात स्लॅश

गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर, रिमोट म्हणजे त्या कोडची सर्व्हरवरची प्रत आणि एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनशी सुरक्षितपणे जोडून देणारा प्रोटोकॉल. गिटच्या रिमोटचा एसएसएच पत्ता दोन तऱ्हांनी लिहितात. एक, गिट@सर्व्हर:टीम/बिले.गिट. दुसरी, एसएसएच://गिट@सर्व्हर/टीम/बिले.गिट. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर दोन्ही चालतात, म्हणून दुसरा पत्ता पहिल्याचंच लांबलचक रूप आहे असं बहुतेकांना वाटतं. ऑफिसचा स्वतःचा गिट सर्व्हर आला की हा समज महागात पडतो.

पहिलं रूप मुळात यूआरएल नाहीच. फाइल कॉपी करणाऱ्या एससीपी आणि त्याआधीच्या आरसीपी या कमांडची ती लिहायची पद्धत: कोलनच्या डावीकडे मशीन, उजवीकडे त्या मशीनवरचा पाथ. दुसरं मात्र रीतसर यूआरएल आहे. आधी स्कीम (‘://’ च्या आधीचा शब्द), मग सर्व्हर, हवा असेल तर पोर्ट (सर्व्हरवरच्या त्या सेवेच्या दाराचा नंबर), मग पाथ. म्हणजे पहिल्यात कोलननंतर पाथ सुरू होतो, तर दुसऱ्यात सर्व्हरच्या नावापुढचा कोलन फक्त पोर्टसाठी असतो.

समजा सर्व्हरचं एसएसएच २२ ऐवजी २२२२ पोर्टवर आहे. कोणीतरी सवयीनं लिहितं, गिट@सर्व्हर:२२२२/टीम/बिले.गिट. गिट हे बिनतक्रार स्वीकारतं, पण जातं २२ वरच, आणि तिथे ‘२२२२’ नावाचं फोल्डर शोधू पाहतं. बऱ्याचदा २२ वर मशीनचं नेहमीचं एसएसएच बसलेलं असतं. ते ‘परमिशन डिनाइड’ म्हणतं आणि माणूस लॉगिनसाठीच्या नव्या की (ओळख पटवणाऱ्या फाइल) बनवण्यात अर्धा दिवस घालवतो. की ठीकच असते, चुकलेला असतो पत्ता. या रूपात पोर्ट लिहायला जागाच नाही. एकतर एसएसएच://गिट@सर्व्हर:२२२२/टीम/बिले.गिट असं लिहा, नाहीतर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या होस्टखाली पोर्ट नोंदवा.

दुसरा फरक पाथचा. साध्या सर्व्हरवर कोलननंतरचा पाथ त्या युजरच्या होम फोल्डरपासून मोजला जातो. एसएसएच:// मध्ये सर्व्हरनंतरचा स्लॅश म्हणजे थेट रूट. होम हवं असेल तर स्लॅशनंतर टिल्डे (~) चिन्ह द्यावं लागतं. गिटहबवर पाथचा अर्थ त्यांचंच सॉफ्टवेअर लावतं, म्हणून तिथे हा फरक दिसत नाही. गिटसारखंच काम करणाऱ्या मर्क्युरियलची रीत आणखी वेगळी: एसएसएच:// नंतरचा एक स्लॅश होमपासून, आणि रूटपासून हवं तर दोन स्लॅश. मर्क्युरियलवरून गिटवर आलेली मंडळी इथे हमखास अडकतात.

आता काही पत्त्यांच्या स्कीममध्ये दिसणाऱ्या अधिक चिन्हाचं. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीएन:// म्हणजे ३६९० पोर्टवरचा त्यांचा स्वतःचा प्रोटोकॉल, आणि एसव्हीएन+एसएसएच:// म्हणजे तोच प्रोटोकॉल एसएसएचमधून. तिथे अधिक चिन्हाला खरं काम आहे. गिटमध्ये गिट+एसएसएच:// चालतं, पण सोर्स कोडमध्ये त्यावर ‘वापरू नका’ अशा अर्थाची टीप आहे. साधं एसएसएच:// पुरेसं असताना ती जोडणी हवी कशाला? पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपला मात्र ती लागते, कारण पुढे गिट आहे की मर्क्युरियल हे त्याला स्कीमवरूनच कळतं. तिथे गिट+एसएसएच:// पुढे कोलनवाला पत्ता जसाच्या तसा चिकटवला की पिप कोलननंतरच्या नावाला पोर्ट समजतं आणि अडतं. त्या कोलनच्या जागी स्लॅश हवा.

नुसतं गिट:// या सगळ्यापासून वेगळं: ९४१८ पोर्ट, ना लॉगिन, ना एन्क्रिप्शन. गिटहबनं ते १५ मार्च २०२२ ला कायमचं बंद केलं. जुन्या लॉक फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसचे पत्ते नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) ते सापडलं तर लगेच बदला.

स्क्रिप्टमध्ये आणि टीमच्या कॉन्फिगमध्ये एसएसएच:// च लिहावं, हे माझं ठाम मत आहे. पत्ता वाचणाऱ्याला त्यात पोर्ट कुठला आणि पाथ कुठला ते तिथल्या तिथे दिसतं. शंका आलीच तर कमांडच्या आधी गिट_ट्रेस=१ लावून फेच करा, म्हणजे सर्व्हरवरचे बदल खाली आणा. गिट एसएसएचला नेमकी कोणती कमांड देतं ते समोर येतं. बरोबर पत्त्यात ‘-पी २२२२’ वेगळं दिसेल आणि सर्व्हरवर चालणाऱ्या गिट-अपलोड-पॅक या कमांडपुढे ‘/टीम/बिले.गिट’. चुकलेल्या पत्त्यात ‘-पी’ नसेलच, आणि पाथ असेल ‘२२२२/टीम/बिले.गिट’.