सूर्याकडे पाठ करून ग्रहण शिकवण्याची जुनी रीत

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशी अमेरिकेत ग्रहणपट्ट्यातल्या अनेक शाळांनी सुट्टी दिली. मुलांच्या डोळ्यांची काळजी खोटी नाही. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना होत नाहीत, त्यामुळे सूर्याकडे बघताना इजा झाली तरी मुलाला त्या क्षणी काहीच कळत नाही. पण सूर्याकडे न बघता ग्रहण बघण्याची रीत फार जुनी आहे.

ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात एक सुंदर प्रश्न आहे: ग्रहणात झाडाच्या पानांतून पडणारे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे का होतात? अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम याने अकराव्या शतकाच्या सुमारास या कोरीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि छिद्र किती लहान असावे याचा विचार केला. १५४४ चे ग्रहण गणितज्ञ गेम्मा फ्रिसियसने अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर छिद्रातून पडलेल्या प्रतिमेत पाहिले आणि पुढच्याच वर्षी त्याचे चित्र छापले. मुले आज पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडतात, ते याच वाटेवरचे. दरम्यान काजळी धरलेल्या काचेतून बघण्याची सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ती घातकच होती. अशा काचेतून सूर्य फिका दिसतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (उष्णतेचे) किरण अडतीलच याची खात्री नसते. ग्रहण-चष्म्यांसाठी सध्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ मध्ये आले.

कारण समजावण्याचा इतिहासही मोठा आहे. चंद्र सूर्याला झाकतो, हे आर्यभटाने ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहिले. १७१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने इंग्लंडवरून जाणाऱ्या सावलीचा नकाशा ग्रहणाआधीच छापला. भरदिवसा पडणाऱ्या अंधाराला लोकांनी अपशकुन मानू नये, हा त्याचा हेतू होता. शिवाय खग्रास स्थिती किती वेळ टिकते ते मोजून कळवा, असे आवाहन त्याने केले. मला हा सामान्यांसाठीचा फार मोलाचा धडा वाटतो, कारण त्यात ऐकणाऱ्यालाही काम दिले होते.

पाठ्यपुस्तकातली आकृती मात्र गोंधळ वाढवते. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत, जवळजवळ काढलेले; मग दर अमावास्येला ग्रहण का नाही, असे मुले विचारतात आणि बरोबरच विचारतात. चंद्र १ सेंटिमीटरचा धरला, तर पृथ्वी ३.७ सेंटिमीटरची होते, आणि दोघांत सुमारे ११० सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने या मापात तो १० सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जातो. बहुतेक अमावास्यांना त्याची सावली पृथ्वीला चुकवून जाते.