डाउनसायझिंग (स्कायडायव्हिंग)

स्कायडायव्हरने आपल्या मुख्य पॅराशूटची कॅनोपी, म्हणजे डोक्यावर उघडणारा कापडी पंख, टप्प्याटप्प्याने लहान करत नेणे म्हणजे डाउनसायझिंग. शिकाऊ जंपरला शाळेकडून भलीमोठी, सुस्त कॅनोपी मिळते. परवाना हाती आला की स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच, घ्यायचे वेध लागतात आणि पहिला प्रश्न येतो, केवढी घ्यायची? ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, हेल्मेट, ऑल्टिमीटर आणि जंपसूटच्या रंगांवर तासन्‌तास गप्पा रंगतात, पण नव्या जंपरच्या जिवाशी सर्वांत जवळचा संबंध याच एका निर्णयाचा आहे. पॅराशूट न उघडल्याने माणूस मरतो अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते. १९९० च्या दशकापासून मात्र अमेरिकेतील प्राणघातक अपघातांपैकी मोठा वाटा नीट उघडलेल्या, कसलाही दोष नसलेल्या कॅनोपीखाली जमिनीवर आदळलेल्यांचा राहिला आहे.

विंग लोडिंग

कॅनोपी मोठी की लहान हे नुसत्या क्षेत्रफळावरून कळत नाही, तिच्याखाली लटकणारे वजनही पाहावे लागते. या गुणोत्तराला विंग लोडिंग म्हणतात. मेट्रिक देशांतही हा हिशेब बहुधा पौंड आणि चौरस फुटांत चालतो. विमानातून बाहेर पडताना असलेले एकूण वजन, म्हणजे माणूस, कपडे, हेल्मेट आणि पाठीवरची पूर्ण रिग, यांना कॅनोपीच्या क्षेत्रफळाने भागायचे. ६८ किलोचा जंपर आणि १२ किलोचे सामान मिळून ८० किलो, म्हणजे सुमारे १७६ पौंड होतात. १९० चौरस फुटांच्या कॅनोपीखाली हा आकडा ०.९३ येतो, १७० खाली १.०४, १५० खाली १.१७ आणि १३५ खाली १.३०.

आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो. पण उडण्याचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. १९० वरून १३५ वर उतरलेल्या या जंपरचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढेल, तर चूक झाल्यास हाडांना सोसावी लागणारी ऊर्जा सुमारे ४१ टक्क्यांनी.

हलक्या अंगाच्या जंपरना हे गुणोत्तर चकवते. ५० किलोची मुलगी सामानासह ६२ किलोची, म्हणजे सुमारे १३७ पौंडांची होते. १३५ च्या कॅनोपीखाली तिचे विंग लोडिंग १.० च्या आसपास येते आणि कागदावर ते नवशिक्याला साजेसे दिसते. पण कॅनोपी लहान झाली की तिच्या दोऱ्याही आखूड होतात. आखूड दोऱ्यांवर माणूस झपकन बाहेर फेकला जातो, वळण चटकन लागते आणि सावरायला वेळ उरत नाही. त्यामुळे समान विंग लोडिंगलाही १३५ ची कॅनोपी १९० पेक्षा जास्त अंगावर येते. ‘तू हलकी आहेस, तुला छोटी चालेल’ हा सल्ला ड्रॉपझोनवर सर्रास मिळतो, तो अर्धाच खरा आहे.

आकाराखेरीज बांधणीही पाहावी लागते. सात कप्प्यांची किंवा नऊ कप्प्यांची चौकोनी कॅनोपी चुका पोटात घालते. टोकांना निमुळती होत जाणारी लंबवर्तुळाकार कॅनोपी नुसत्या कंबरेच्या झोक्यानेही वळते. दोन्हींचे क्षेत्रफळ एकच असले तरी नव्या जंपरच्या दृष्टीने ती दोन वेगळी वाहने आहेत. म्हणून आकार आणि बांधणी एकाच वेळी बदलू नयेत, असा प्रशिक्षकांचा आग्रह असतो.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकापर्यंत हौशी जंपर सैन्याच्या जुन्या गोल पॅराशूटांवर उड्या मारत. डोमिना जाल्बर्ट यांनी हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचा पंख बनवला, त्याचे पेटंट त्यांना १९६६ मध्ये मिळाले. आजची प्रत्येक क्रीडा-कॅनोपी त्याच कल्पनेवर चालते. बिल बूथ यांची तीन कड्यांची कटअवे पद्धत १९७० च्या दशकात आली आणि बिघडलेली मुख्य कॅनोपी एका ओढीत सोडून देणे शक्य झाले. १९९१ मध्ये हेल्मुट क्लोथ यांच्या जर्मन कंपनीचे सायप्रेस बाजारात आले. जंपर स्वतः काही करू शकला नाही, तरी ठरावीक उंचीला राखीव पॅराशूट उघडणारे हे इलेक्ट्रॉनिक उपकरण.

साधने सुधारली, तशा कॅनोपीही लहान आणि वेगवान होत गेल्या. हवा अजिबात न झिरपणारे कापड आल्यावर लहान कॅनोपीही सुखाने उतरवता येऊ लागली. पुढे वेगात वळून जमिनीलगत लांबवर घसरत जाण्याचा, म्हणजे स्वूपिंगचा, खेळच उभा राहिला. बूथ यांचे निरीक्षण इथे नेहमी सांगितले जाते. साधने जितकी सुरक्षित होतात तितके जंपर जास्त धोके पत्करतात आणि मृत्युदर तेवढाच राहतो, असा त्याचा आशय आहे. एकूण मृत्युदर मात्र त्याच पातळीवर राहिलेला नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक जंपर मरत. २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्यांमागे १० मृत्यू नोंदले गेले. बूथ यांचे म्हणणे खोटे पडले असे यावरून म्हणता येत नाही. धोका जागा बदलून आकाशातून जमिनीलगत आला, एवढे नक्की.

खालचे वळण

नव्या जंपरला लहान कॅनोपी नेमकी कशी मारते हे समजून घेण्यासारखे आहे. तो वाऱ्याच्या तोंडावर सरळ उतरत असतो. तीस मीटरवर आल्यावर समोर कुंपण, विजेची तार किंवा दुसरा जंपर दिसतो. हात आपोआप एक टॉगल, म्हणजे त्या बाजूच्या ब्रेकच्या दोरीची मूठ, खाली ओढतो. कॅनोपी त्या बाजूला कलते, तिने पेललेले वजन तिरके होते आणि ती सुळकी मारते. माणूस झोक्यासारखा बाहेर फेकला जातो. मोठ्या कॅनोपीखाली हे वळण जिरून सरळ व्हायला पुरेशी उंची असते. लहान कॅनोपीखाली वळण पूर्ण होण्याआधीच जमीन येते, तीही समोरून.

यावर उपाय आहे आणि तो शिकवता येतो. आधी दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढून वेग कमी करायचा आणि मग ज्या दिशेला जायचे तिच्या विरुद्ध बाजूचा टॉगल थोडा वर सोडायचा. कॅनोपी फारशी न कलता सपाट वळते आणि उंची कमी खाते. हे हजार मीटरवर पन्नासदा केल्याशिवाय तीस मीटरवर आठवत नाही. अमेरिकेतील अनुभवी जंपरांत डाउनसायझिंगपूर्वी स्वतःला तपासण्याची एक यादी रूढ आहे. पंधरा मीटरवर नव्वद अंशांचे सपाट वळण, फ्लेअर करतानाच (टेकण्याआधी दोन्ही टॉगल ओढून वेग मारतानाच) दिशा बदलणे, आडव्या वाऱ्यात आणि वारा नसताना उतरणे, चढउतारावर उतरणे, दहा मीटरच्या वर्तुळात वारंवार उतरता येणे, टॉगलऐवजी मागच्या रायझरवर (दोऱ्या आणि हार्नेस जोडणाऱ्या पट्ट्यांवर) उतरणे. आताच्या कॅनोपीवर हे जमत नसेल तर लहान कॅनोपीवर ते आपोआप जमण्याचे काही कारण नाही. वारा नसलेल्या दिवशी पायावर उतरता येते का, एवढे एकच विचारले तरी ड्रॉपझोनवरचे बरेच उत्साही गप्प होतात.

नियम आणि संकेत

अमेरिकेत ‘ए’ परवाना २५, ‘बी’ ५०, ‘सी’ २०० आणि ‘डी’ ५०० उड्यांना मिळतो. २०१२ पासून ‘बी’ परवान्यासाठी कॅनोपी-हाताळणीचे स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे झाले. कॅनोपीचा आकार मात्र तेथील राष्ट्रीय संघटनेने सक्तीने बांधून दिलेला नाही, तो निर्णय ड्रॉपझोन, प्रशिक्षक आणि जंपर यांच्यावर सोडला आहे. नेदरलँड्समध्ये याउलट उड्यांच्या संख्येनुसार कॅनोपीचे वर्ग आखलेले आहेत आणि ते पाळावेच लागतात. प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांच्या तक्त्याचा गाभा सोपा आहे. पहिल्या शंभर उड्यांपर्यंत विंग लोडिंग १.० च्या वर न्यायचे नाही आणि पुढे दर शंभर उड्यांना ०.१ वाढवायचे. लहान कॅनोपी आणि उंचावरचे ड्रॉपझोन यांसाठी त्यात आणखी कपात करावी लागते. असे तक्ते कमाल मर्यादा सांगतात. तेवढे गाठलेच पाहिजे असा त्यांचा अर्थ लावणारे मात्र पुष्कळ भेटतात.

रिग विकत घेताना

खरा सापळा कॅनोपीपेक्षा कंटेनरमध्ये असतो. पाठीवरची ही पिशवी ठरावीक आकाराच्याच कॅनोपींसाठी शिवलेली असते, फार तर एक आकार वर-खाली चालतो. नवी कंटेनर महाग, वर महिनोन्‌महिने थांबावे लागते, म्हणून नवा जंपर विचार करतो की शंभर उड्यांनी आपण १५० वर जाणारच, मग कंटेनर त्याच मापाची घेऊ. मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतात, त्याच्या नेमका उलटा हा व्यवहार. मग त्या कंटेनरमध्ये मावते तीच कॅनोपी वापरावी लागते. पहिली रिग जुनी, मोठी आणि थोडी ढगळ घेऊन दोनशे उड्यांनी विकून टाकणे जास्त शहाणपणाचे. जुन्या रिगला पुन्हा गिऱ्हाईक मिळते.

जुने सामान मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नये, पैसे देण्याआधी स्वतंत्र रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या जाणकाराकडून, तपासून घ्यावे. दोऱ्यांकडे विशेष लक्ष हवे. स्पेक्ट्रा या धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडी चौकोनाच्या) घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, त्याही असमान, आणि कॅनोपी वाकडी उडू लागते. व्हेक्ट्रन या धाग्याच्या आखडत नाहीत, पण झिजल्या की अचानक तुटतात.

राखीव कॅनोपीचा आकार तर बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. कंटेनर लहान तशी राखीवही लहान. ज्या दिवशी ती लागते तो दिवस वाईटच असतो. उंची कमी, खाली अनोळखी शेत, कदाचित खांदा निखळलेला. जंपर बेशुद्ध असेल तर राखीव अर्ध्या ब्रेकमध्ये, कोणी न हाकता, वाऱ्याची दिशा न पाहता उतरते. तेव्हा पाठीत मोठी राखीव असलेली बरी.

सायप्रेससारखे स्वयंचलित उपकरण आणि आरएसएल यांबाबत नव्या जंपरला फारसे पर्याय ठेवू नयेत, दोन्ही हवीतच. अनुभवी जंपरांच्या सायप्रेसची मूळ रचना जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर, वेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असेल तर राखीव उघडण्याची आहे. मोकळ्या पतनाच्या वेगात तिथून जमीन चारेक सेकंदांवर असते. आरएसएल ही सुटून जाणाऱ्या मुख्य कॅनोपीला जोडलेली पट्टी. कटअवे करताच ती राखीवची पिन ओढते. ‘ए’ परवान्यापर्यंतच्या जंपरांनी बिघडलेल्या कॅनोपीबाबतचा निर्णय २,५०० फुटांवर घ्यावा अशी शिकवण आहे. हेल्मेटवरचा कॅमेरा दोनशे उड्यांपर्यंत घरी ठेवावा. तो दोऱ्यांत अडकू शकतो, आणि उंचीकडे लक्ष असायला हवे तेव्हा ते चित्रीकरणाकडे जाते.

मराठी जंपर

शीतल महाजन यांच्यामुळे हा खेळ मराठी घरांत पोहोचला. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारीतली उडी. नऊवारीचे कौतुक झाले, पण सैल कापडाने कटअवे आणि राखीवच्या मुठी झाकल्या जाऊ नयेत याची तयारी अशा उडीत करावी लागते. कोणत्याही ढगळ जाकिटाला हीच खबरदारी लागू आहे.

भारतात नागरी ड्रॉपझोन मोजकेच असल्याने परवान्यासाठी थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिका गाठणारे पुष्कळ. दोन आठवड्यांत परवाना, मग वर्षभर खंड, पुन्हा सुट्टी, असा यांचा क्रम असतो. उड्यांची संख्या आणि ताजा सराव यांत त्यामुळे मोठे अंतर पडते. अमेरिकी संघटनेच्या मते ‘ए’ परवानाधारकाने साठ दिवस उडी मारली नसेल तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मारावी. परदेशी ड्रॉपझोनवर भाड्याची रिग घेताना मागच्या वेळचा आकार न मागता एक-दोन आकार मोठा मागावा. उष्ण आणि विरळ हवेत कॅनोपी आणखी वेगाने उतरते. कोलोरॅडोतील लाँगमाँटसारख्या सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हा वेग समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के जास्त असतो. फ्लेअरची वेळही तिथे नव्याने बसवावी लागते, त्यासाठी पहिल्या एक-दोन उड्यांत कॅनोपी जास्त उंचीवर उघडून वरच ब्रेक ओढून पाहतात.