४६ अंशांतला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बंद पडला की गावात पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर. ‘भाऊ, सीपीयू चालूच नाही होऊन राह्यला’ म्हणत (अख्ख्या डब्यालाच आपल्याकडे सीपीयू म्हणतात) माणूस तो डबा मोटरसायकलवर मांडीत धरून तालुक्याला नेतो, आणि दुकानात तो पहिल्याच बटणाला सुरू होतो. दुकानदार हसतो, गिऱ्हाईक चिडतं, डबा घरी येतो आणि संध्याकाळी पुन्हा बंद. यात चमत्कार काही नाही. दुकानात व्होल्टेज बरं होतं, अर्थिंग होतं, खोली थंड होती. शिवाय वाटेतल्या खड्ड्यांनी हललेली रॅम (आतली मेमरीची पट्टी) परत जागेवर बसली असेल तर तेही शक्य आहे. विदर्भातल्या खेड्यात कॉम्प्युटरचा बिघाड डब्याच्या आधी खोलीत शोधावा, आणि त्याच्यावर पैसे लावायचे तर तेही आधी भिंतीतल्या वायरिंगवर, मग डब्याच्या आत असे लावावेत, असं माझं मत आहे.

आधी उन्हाचं बघू. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा यांना ४५-४६ अंशांचं अप्रूप नाही. टिनाच्या छपराखालची खोली दुपारी ४३ अंशांवर सहज जाते. आता प्रोसेसर, म्हणजे सगळी गणितं करणारी मुख्य चिप, तिच्यातली उष्णता बाहेर पडते ती तिच्या आणि भोवतीच्या हवेच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. समजा, एखादं काम करताना प्रोसेसर हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. २५ अंशांच्या एसी ऑफिसात तो ७० वर राहील. तेच यंत्र, तेच काम, पण खोली ४३ अंशांची असली तर तो ८८ वर जाईल. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची सोसण्याची हद्द ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. त्या हद्दीशी आला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि तरीही तापतच गेला तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन एकदम बंद होतं. दुपारी रखडणारा आणि रात्री दहानंतर सुरळीत चालणारा कॉम्प्युटर व्हायरसचा रोगी नसतो. व्हायरस घड्याळ बघत नाही.

हा ४५ अंशांचा फरकही कायम तेवढाच राहत नाही. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. पंखा हवा पात्यांमध्ये ढकलतो आणि हवेबरोबर जे काही तरंगत असेल तेही ढकलतो. आपल्याकडे दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवलेला असतो, बहुतेक वेळा कॉम्प्युटर असलेल्याच खोलीत. वणी, हिंगणघाट, अकोट अशा जिनिंगच्या गावांत तर रुईचे तंतू हवेतच असतात. पंख्याच्या खाली, पात्यांच्या तोंडाशी, या तंतूंचा थर बसतो. डब्याचं झाकण काढलं तरी तो दिसत नाही, कारण वर पंखा असतो. चार स्क्रू काढून पंखा उचलला की कळतं, हीटसिंक गोधडी पांघरून बसलेला आहे. पंखा जोरात गरगरतो, आवाज करतो, पण हवा पात्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून सफाईची वेळ मार्चअखेर: कापूस घरातून गेलेला असतो आणि ऊन यायचं असतं.

सफाईला ब्लोअर वापरा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचा मोह होतो, पण त्याच्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं आणि ते हवेबरोबर बोर्डावर उडतं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो नेमलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरून बेअरिंग खराब करतो. हीटसिंक काढलाच असेल तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी वाळलेली पेस्टही पुसून नवी लावा. दोन धातू कितीही घट्ट दाबले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात आणि त्या फटींत हवा असते. हवा उष्णता नेण्यात अतिशय आळशी. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगलं. पेस्ट या दोघांच्या मधली, पण हवेपेक्षा शंभरपट तरी बरी. ती फटी भरण्यापुरतीच लागते, वाटाण्याएवढी पुरे.

कूलरबद्दल लोक हमखास विचारतात: पाण्याची हवा कॉम्प्युटरला चालते का? चालते, आणि मेमध्ये ती त्याचं आयुष्यच वाढवते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना बरा कूलर हवा २८-३० अंशांपर्यंत खाली आणतो, कारण कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेते. त्यात खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास जाते, जी मशीनला सोसते. फक्त झोत थेट डब्यावर नको. झोताबरोबर बारीक थेंब येतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्यांच्यासोबत बोर्डावर बसतो.

क्षाराचा आणि धुळीचा हिशेब चुकता होतो जुलैत. कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही. पण पावसाळी हवेत धूळ ओलावा धरते, तिच्यातले क्षार विरघळतात आणि बोर्डावरच्या दोन जवळच्या टोकांमध्ये गळतीचा रस्ता तयार होतो. उन्हाळाभर नीट चाललेलं मशीन पावसाच्या पहिल्या झडीत सुरूच होईना, तर हे कारण आधी तपासा. पंख्याखाली कोरडं करून, झाडून, दुसऱ्या दिवशी लावलेली अशी कितीतरी मशीन चालू होतात.

आता लाईनचं. महानिर्मिती या सरकारी कंपनीचं सर्वात मोठं औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरला, २९२० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा इथलीच. तरी त्यांच्या सावलीतल्या गावांत संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, तो वीज कमी म्हणून नव्हे, तर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंतची तार लांब आणि बारीक म्हणून. रब्बीत हरभऱ्याचे, गव्हाचे पंप सुरू झाले की २३० ऐवजी १७०-१८० व्होल्ट मिळतात.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे लाईनची वीज आतल्या भागांना हवी तशी करून देणारी, मागच्या बाजूला पंखा असलेली ती पत्र्याची पेटी, यावर एक गंमतशीर प्रतिक्रिया देतो. बल्ब व्होल्टेज कमी झालं की कमी वीज खातो. एसएमपीएसला मात्र आतल्या मशीनला ठरलेली शक्ती द्यायचीच असते, म्हणून व्होल्टेज घटलं की तो करंट जास्त ओढतो. २३० चे १६० झाले तर करंट जवळपास दीडपट होतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने त्याच्या आतल्या तारा आणि सुटे भाग दुपटीने तापतात. वर खोली ४३ अंशांची. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या नळ्या) आधीच नाजूक: दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. डोकं फुगलेला कपॅसिटर दिसला की समजा, भाग बदलायची वेळ झाली. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्टची डीसी केली की सव्वातीनशे व्होल्ट होतात, आणि वायर काढल्यावरही ते आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात.

याच कपॅसिटरमुळे इन्व्हर्टरचं कोडं सुटतं. लाईन गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा थांबत नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. आणि गंमत म्हणजे दुपारी होत नाही, संध्याकाळी होतो. चांगला एसएमपीएस लाईन गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाहूनही कमी. ही शिदोरी कपॅसिटरमध्ये असते आणि तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. संध्याकाळी १७० व्होल्टवर कपॅसिटर निम्माच भरलेला असतो, मग तग धरण्याचा वेळही निम्म्याखाली जातो. इन्व्हर्टरला बदलायला लागणारा वेळ मात्र तेवढाच. उपाय अनेकदा फुकट असतो: इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’ नावाचा खटका असतो. नेहमीच्या मोडमध्ये बदलायला ३०-४० मिलिसेकंद लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये १० च्या आसपास. तो खटका टाकूनही भागलं नाही तर कॉम्प्युटरचा स्वतःचा लहान यूपीएस घ्यावा, शक्यतो कमी व्होल्टेज स्वतः वाढवून देणारा. स्टॅबिलायझर मी सुचवणार नाही. रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर टक्-टक् करत टप्पे बदलतो तेव्हा प्रत्येक वेळी क्षणभर लाईन तोडतो.

आणि अर्थिंग. डब्याला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. ‘थोडा करंट येते, चालते’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवतात. हा करंट बिघाडातून येत नाही, रचनेतच असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थची तार असेल तर ती गळती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. करंट सहसा मिलिअँपिअरहून कमी, त्यामुळे माणूस दचकतो, एवढंच. पण असा लटकता डबा तुम्ही यूएसबी केबलने प्रिंटरला किंवा टीव्हीला जोडता तेव्हा दोन्हीकडचा फरक त्या नाजूक पोर्टांतून वाहतो, आणि पोर्ट जळतात. उद्या एसएमपीएसमध्ये खरोखरीचा फॉल्ट आला तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि ते जायला तुमच्याखेरीज दुसरी वाट नसेल.

खेड्यातल्या काही वायरमनची एक सवय मला भयंकर वाटते. सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनला ते आतूनच न्यूट्रल जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, मालक खूश. पण वाटेत कुठे न्यूट्रलची तार तुटली की सगळा पत्रा थेट फेजवर येतो. खरं अर्थिंग म्हणजे घरामागचा खड्डा: त्यात धातूची प्लेट किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी माती ओली असताना वीज छान नेते, पण मेमध्ये तिला भेगा पडतात, पाइप आणि माती यांचा संबंध सुटतो. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट दिसले तर बहुधा ठीक आहे. मात्र न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं तर सॉकेट उघडून बघायला सांगा.

विजांच्या दिवसांत बटण बंद करणं पुरत नाही. प्लगही काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही. बटणाच्या दोन टोकांतली फट काही मिलिमीटरची, वीज काही किलोमीटर हवा फोडून आलेली असते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता कळवतं. ते मोबाइलमध्ये असू द्या.

एवढं करून डबा उघडायची वेळ आलीच, तर दोन गोष्टी आधी. पंखा फिरतो, पडदा काळा, बीप वाजते: रॅम काढून तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ होईपर्यंत बसवा. खोडरबरानेही काम होतं, पण त्याचा चुरा खाचेत पडू देऊ नका. दुसरी, तारीख. सेवा केंद्रात बँकेची किंवा सातबाऱ्याची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं. सेल तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

अपग्रेडमध्ये सर्वात जास्त फरक एसएसडीने, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कने, पडतो, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. सुई योग्य जागी सरकायला आणखी ८-९. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला पाऊणशे-ऐंशी. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, एका मागणीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. २०१२-१३ च्या मशीनलाही २.५ इंची साटा (हे जोडणीच्या प्रकाराचं नाव) एसएसडी बसते आणि मशीन मालकाला ओळखू येणार नाही इतकं बदलतं. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. नेताना जुनी पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

नवं मशीन घ्यायचं ठरवलं तर शहरातून येणाऱ्या जुन्या ऑफिस कॉम्प्युटरांबद्दल सावध राहा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. स्वस्तात मिळणारे बरेचसे डबे चौथ्या ते सहाव्या पिढीचे असतात. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली उत्तम चालते, पण सेवा केंद्रातल्या, अंगठा घेणाऱ्या बायोमेट्रिक यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

एसएसडी बसवल्यावर निघालेली हार्ड डिस्क चांगली असेल तर विकू नका. यूएसबीने जोडायच्या केसिंगमध्ये घालून तिच्यावर बॅकअप ठेवा. एसएसडीत माहिती अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता तापत्या खोलीत ती महिनोन्महिने पडून राहिली तर भार हळूहळू गळतो. हार्ड डिस्कवरची चुंबकीय नोंद लोखंडी कपाटातला एक उन्हाळा सहज काढते, फक्त कपाट छपराला लागून नको.