शासकीय आश्वासन

शासकीय आश्वासन : शासनाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने अथवा संस्थेने, पुढे अमुक गोष्ट केली जाईल, असा नागरिकांना दिलेला शब्द. राज्यघटनेतील कालबद्ध तरतूद, मंत्र्याचे सभागृहातील उत्तर, सचिवाचे पत्र, निवडणुकीचा जाहीरनामा आणि उपोषण सोडवताना दिलेली लेखी हमी या सर्वांना बोलण्यात आश्वासनच म्हणतात. त्यांचे कायदेशीर वजन मात्र फार वेगवेगळे आहे. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ या म्हणीत लोकांचा जो अनुभव साठला आहे, त्याची मुळे याच फरकात आहेत. ज्या शब्दाला तारीख नाही, ज्याची नोंद नाही आणि जो मोडल्यास कोणाला जाब द्यावा लागत नाही, तो मोडणे शासनाला फार स्वस्त पडते.

भारतातील सर्वांत मोठे कालबद्ध आश्वासन मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये होते. राज्यघटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे त्यात म्हटले होते. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. मुदत उलटून गेली. मार्गदर्शक तत्त्वांपैकी मुदत घातलेले हे एकच कलम आहे, याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात लक्ष वेधले आणि शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यात सहा ते चौदा हा वयोगट आला. दहा वर्षांचा शब्द साठ वर्षांनी कायद्यात उतरला, तोही धाकट्या मुलांना वगळून. मधल्या काळात शाळेचे तोंड न पाहता वाढलेल्या पिढ्यांना ती वर्षे कोणीही परत देऊ शकत नाही.

सभागृहात दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवण्याची पद्धत देशात आहे, पण ती फारच थोड्यांना ठाऊक असते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या कारकिर्दीत, १९५३ मध्ये, शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. तिच्यात पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. राज्यसभेत अशी समिती १९७२ मध्ये आली. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्र्यांच्या उत्तरांतून आश्वासने वेचून काढण्याचे काम केंद्रात संसदीय कामकाज मंत्रालय करते आणि प्रत्येक आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते. कोणते शब्द आश्वासन मानायचे याची यादीच ठरलेली आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी त्यात लक्ष घालीन’, ‘चौकशी चालू आहे’ ही वाक्ये त्या यादीत बसतात. ऐकणाऱ्याला जी वाक्ये वेळ मारून नेण्यासाठी उच्चारलेली वाटतात, तीच समितीच्या वहीत शासनाकडून येणे असलेली बाकी म्हणून मांडली जातात. संसदीय व्यवहारातील ही अत्यंत मोलाची कल्पना आहे. परंतु मंत्रालयांना मुदतवाढ मागता येते, आश्वासन वगळण्याची विनंतीही करता येते आणि न पाळलेल्या शब्दाबद्दल समिती ताशेरे ओढू शकते, शिक्षा करू शकत नाही.

सभागृहाबाहेर दिलेला शब्द या वहीत येतच नाही, आणि अविश्वास सर्वाधिक साचतो तो तिथेच. महाराष्ट्रात याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण धरणग्रस्तांचे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील अनेक गावे गेली आणि तिथली माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे पाणी अडल्यानंतर दशकाहून अधिक काळाने झालेला. कोयनेतून १,९०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचा वीजप्रकल्प उभा राहिला, तरी विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांना जमिनीसाठी आंदोलने करावी लागली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा अशाच अनुभवांतून पुढे आली. तिचा रोख आश्वासनाच्या क्रमावर आहे: घर आणि शेत पाण्याखाली गेल्यावर शब्द पाळून घेण्याची कोणतीही ताकद विस्थापिताच्या हाती उरत नाही. आंदोलक तोंडी शब्दावर मंडप सोडायला तयार नसतात आणि ‘लेखी द्या’ म्हणतात, तेही यामुळेच. दुर्दैवाने त्या लेखी पत्रातही पुष्कळदा ‘सकारात्मक विचार करण्यात येईल’ एवढेच असते.

मोडलेल्या शब्दातून एखादा हक्क जन्माला आल्याचे उदाहरण राजस्थानातले आहे. सार्वजनिक कामांच्या खर्चाच्या कागदपत्रांच्या नकला लोकांना मिळतील, असे मुख्यमंत्र्यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. वर्ष लोटले तरी आदेश निघाला नाही. तेव्हा मजदूर किसान शक्ती संघटनेने एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे धरणे धरले. ते चाळीस दिवस चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही तिथली मागणी होती. पुढे या चळवळीचे पाणी २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोहोचले. दिलेल्या आश्वासनाची फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे, हे विचारण्याचे साधन सामान्य नागरिकाला या कायद्याने दिले.

न्यायालयात आश्वासनाला वचनविबंधाच्या तत्त्वाचा आधार मिळतो. शासनाच्या स्पष्ट शब्दावर विसंबून एखाद्याने आपली स्थिती बदलली असेल, तर शासनाला तो शब्द सहज फिरवता येत नाही. उत्तर प्रदेश शासनाने नव्या वनस्पती तूप कारखान्याला तीन वर्षे विक्रीकर माफीचा शब्द देऊन नंतर तो मागे घेतला, तेव्हा मोतीलाल पदमपत शुगर मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनाला तो शब्द पाळायला लावले. व्यापक लोकहित आड येत असेल तर मात्र हे तत्त्व सैल होते आणि विधिमंडळाच्या कायदे करण्याच्या अधिकाराविरुद्ध ते चालत नाही. व्यवहारात त्याचा लाभ ज्यांच्याकडे पत्र आणि वकील दोन्ही आहेत त्यांनाच प्रामुख्याने होतो.

जाहीरनाम्यांची स्थिती याहून कच्ची. त्यांतील आश्वासने भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. आश्वासनासाठी पैसा कोठून येणार हे ढोबळपणे सांगावे, अशी अपेक्षा त्यानुसार आचारसंहितेत आली. मात्र निवडून आल्यावर शब्द न पाळणाऱ्या पक्षाला त्याखाली कोणताही दंड नाही.

दंडाची तरतूद दिसते ती महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे यात ठरवून द्यावे लागते. विलंब झाल्यास दोन अपिले आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद अशी सोय आहे, तर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे दाखला किती दिवसांत मिळेल याची मुदत आज नागरिकाला कायद्यावर बोट ठेवून सांगता येते. मंत्र्याने मंडपात येऊन दिलेला जमिनीचा, पाण्याचा किंवा नोकरीचा शब्द या अधिसूचित सेवांच्या यादीत नाही.