मृच्छकटिकातील धन आणि पत

मृच्छकटिक (म्हणजे ‘मातीची गाडी’) हे शूद्रकाच्या नावावर असलेले दहा अंकी संस्कृत नाटक. नाट्यशास्त्राच्या वर्गवारीत ते ‘प्रकरण’ ठरते. कथानक पुराणांतून न उचलता कवीने रचायचे आणि नायकही राजा नसायचा, हे प्रकरणाचे लक्षण. घटना उज्जयिनीत घडतात. नाटकाच्या काळाबद्दल एकमत नाही, पण इ. स. तिसरे ते पाचवे शतक या पट्ट्यात ते अनेकदा ठेवले जाते. प्रस्तावनेत राजा शूद्रक १०० वर्षे १० दिवस जगला आणि मग त्याने अग्निप्रवेश केला, असे सांगितले आहे. स्वतःच्या मरणाचा हिशेब नाटककार दिवसांनिशी कसा देईल, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांना पुरला आहे. भासाचे म्हणून मानले जाणारे चार अंकी नाटक ‘चारुदत्त’ हे मृच्छकटिकाच्या पहिल्या चार अंकांशी फार जवळून जुळते.

नायक चारुदत्त जन्माने ब्राह्मण, पेशाने सार्थवाह म्हणजे तांडे घेऊन व्यापार करणाऱ्या घराण्यातला. दानधर्मात त्याची संपत्ती संपली आहे. नायिका वसंतसेना ही नगरातली धनाढ्य गणिका. तिचे प्रेम या निर्धन माणसावर आहे आणि राजा पालकाचा मेहुणा शकार तिच्यामागे लागला आहे. श्रीमंत नायिका आणि कफल्लक नायक अशी ही उलटी मांडणी आहे. मात्र गरिबी वाईट आणि प्रेम थोर एवढ्यावर नाटक थांबत नाही. पैसा गेला की सुखसोयी जातात हे त्यात आहेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे : माणसाच्या शब्दावरचा विश्वास जातो. मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात उधारी आणि अब्रू दोन्ही मावतात. या नाटकाची किल्ली त्या शब्दात आहे.

पहिल्या अंकात शकारापासून पळणारी वसंतसेना अंधारात चारुदत्ताच्या घरात शिरते. जाताना ती आपले दागिने ठेव म्हणून ठेवू पाहते. हे घर ठेवीच्या लायकीचे राहिलेले नाही, असे चारुदत्त सांगतो. ती उत्तर देते की ठेव माणसापाशी ठेवतात, घरापाशी नव्हे. पुढचे सगळे नाटक या एका वाक्याची परीक्षा घेते.

तिसऱ्या अंकात ती ठेव चोरीला जाते. चोर शर्विलक हा वेद जाणणाऱ्या घरातला ब्राह्मण. वसंतसेनेची दासी मदनिका हिला पैसे भरून सोडवायचे, हे त्याचे स्वप्न. भिंतीला भोक पाडण्याआधी ते कमळाच्या आकाराचे करावे, चंद्रकोरीसारखे की पूर्णकुंभासारखे, यावर तो शास्त्रार्थ करतो. मोजायची दोरी आणायला विसरला म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो आणि वर ब्राह्मणाला जानवे किती उपयोगी, याची यादीही देतो. कुळाच्या ओळखीची इतकी खुसखुशीत थट्टा संस्कृत नाटकात क्वचितच सापडेल.

चोर आपल्या घरातून रिकाम्या हाताने गेला नाही, याचे चारुदत्ताला आधी समाधानच वाटते. गेले ते वसंतसेनेची ठेव होती हे कळताच तो कोसळतो. खरे कोण मानणार, गरिबीकडे जग संशयानेच पाहते, असे तो म्हणतो. मग अब्रू राखण्यासाठी तो खोटे बोलतो : दागिने आपण जुगारात हरलो, असा निरोप पाठवतो. भरपाईला त्याची पत्नी धूता माहेरची रत्नावली काढून देते. शरीराला इजा झाली असती तरी चालले असते, चारित्र्याला नको, ही तिची भूमिका. इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. चारुदत्ताच्या औदार्याची कीर्ती नगरभर आहे, पण तिची शेवटची किंमत धूतेने मोजली आहे आणि तीही नवऱ्याच्या मैत्रिणीसाठी.

वसंतसेनेची आकांक्षा सगळ्यांत अवघड आहे. तिच्याकडे पैसा आहे, तिला ‘वधू’ व्हायचे आहे. ज्याच्यावर मन बसले तो दरिद्री असेल तर गणिकेला कोणी नावे ठेवू शकत नाही, असे ती दुसऱ्या अंकात म्हणते, कारण तिथे लोभाचा संशय उरत नाही. शकार दहा हजारांचे सुवर्णालंकार गाडीसोबत पाठवतो. मी जिवंत राहावी असे वाटत असेल तर पुन्हा असा निरोप धाडू नका, असे ती आईला कळवते. उलट एका अनोळखी माणसाचे दहा सुवर्णांचे जुगारी कर्ज ती हातातले कडे देऊन फेडते. हा माणूस संवाहक, म्हणजे अंग रगडणारा. पाटलिपुत्रातल्या बऱ्या घरचा. कला म्हणून शिकलो आणि आता तेच पोटाचे साधन झाले, असे तो सांगतो. कर्ज फिटल्यावर तो बौद्ध भिक्षू होतो आणि पुढे आठव्या अंकात तोच तिचा जीव वाचवतो.

नाटकाला नाव देणारा प्रसंग सहाव्या अंकात येतो आणि तो अगदी लहान आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसला आहे. दासी रदनिका त्याला वसंतसेना ही तुझी आई असे सांगते. आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे, असे पोर विचारते. आईची खूण म्हणजे मोकळे अंग, हे गरिबाच्या मुलाने पाहून शिकलेले सत्य. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून मातीची गाडी भरते. पण याच दागिन्यांनी पुढे गळ्याला फास लागतो. नवव्या अंकात, शकाराने गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर आला असताना, ते परत करायला निघालेल्या मैत्रेयाच्या, म्हणजे चारुदत्ताच्या मित्राच्या, काखेतून दागिने भर न्यायसभेत खाली पडतात. गरिबाकडे सोने म्हणजे पुरावा. न्यायाधीश ब्राह्मणाला देहदंड नको म्हणून मनूचा आधार देतात, तरी राजा सुळाची शिक्षा फर्मावतो.

या प्रसंगाची जोडकथा शकाराचा गाडीवान स्थावरक याची. खून कर म्हणून मालक सोन्याची कडी देऊ करतो. पूर्वीच्या पापाने दास झालो, आता आणखी पाप नको, असे म्हणून तो नकार देतो. चारुदत्ताच्या वधाच्या वेळी कोंडलेल्या जागेतून उडी मारून तो खरे सांगतो. त्याला आपण सोने चोरल्याबद्दल मारले होते म्हणून तो सूड घेतोय, असे शकार म्हणतो आणि लोकांना ते पटते. दासपण असे की खरे सांगूनही कोणाला पटत नाही, ही स्थावरकाची हताश ओळ चारुदत्ताच्या गरिबीवरच्या ओळीशी ताडून पाहावी.

शकाराजवळ मात्र पत उसनी आहे. बहीण राजाकडे, एवढीच त्याची ओळख. ‘स’ च्या जागी ‘श’ म्हणणारी त्याची मागधी प्राकृत बोली, आणि पुराणांचा सावळागोंधळ : वसंतसेनेला तो रामाला भ्यालेल्या द्रौपदीची उपमा देतो, हारांचा वास ऐकू येतो पण नाक अंधाराने भरल्याने दागिन्यांचा आवाज दिसत नाही म्हणतो. हसू येते, पण हाच माणूस न्यायसभेला धमकावून खटला उभा करायला लावतो हे विसरू नये.

शेवटी सत्तापालट होतो. तुरुंगातून पळालेला गवळी आर्यक राजा होतो, वसंतसेनेला ‘वधू’ हा शब्द राजाकडून मिळतो, भिक्षू विहारांचा कुलपती होतो, स्थावरकाचे दास्य संपते. चारुदत्त शकाराला सोडून देतो. नशीब रहाटाच्या पोहऱ्यांसारखे एकाला भरते, दुसऱ्याला रिते करते, हे त्याचे भाष्य. तरी प्रत्यक्ष पाहिले तर सुटका दैवाने कमी आणि आर्यकाला साथ देणाऱ्या शर्विलकासारख्यांच्या बंडाने जास्त झाली आहे.

मराठी रंगभूमीवर हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे रुजले. पहिल्या अंकाच्या अखेरचे चंद्रोदयाचे वर्णन तिथे ‘रजनीनाथ हा नभी उगवला’ या पदात उतरले. हबीब तन्वीर यांनी १९५८ साली छत्तीसगडी कलाकारांसह त्याचे हिंदी रूप ‘मिट्टी की गाडी’ उभे केले. मराठीत वसंतसेनेची भूमिका बालगंधर्वांनी गाजवली. वेषभूषा आणि सजावटीवर हात सैल सोडणारी त्यांची नाटक मंडळी पुढे कर्जात बुडाली आणि तरीही प्रेक्षकांचा त्यांच्यावरचा लोभ आटला नाही.