खोळीखालची धूळ

शिवणकाम संपल्याबरोबर मशीनवर जाड प्लॅस्टिकची खोळ ओढली आणि खालून नीट खोचली की धुळीचा प्रश्न मिटला, असा समज सर्रास आढळतो, आणि कित्येक वर्षे तो माझाही होता. काही महिने झाकून ठेवलेले मशीन एकदा चालवायला घेतले तेव्हा दर चार-पाच टाक्यांमागे एक टाका सुटू लागला. सुई बदलून पाहिली, दोरा बदलून पाहिला आणि शेवटी सुईखालची पट्टी उघडली. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाचांमध्ये करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा, चिमट्याने धरून अखंड उचलता येईल असा घट्ट नमदा बसलेला होता. खोळीवर धुळीचा थर होता, मशीनचा माथा मात्र लखलखीत होता. म्हणजे खोळीने आपले काम चोख केले होते, आणि आतला नमदा बाहेरून आलेलाच नव्हता.

मशीनला त्रास देणारी धूळ दोन प्रकारची असते. पहिली हवेतून येते. मातीतील गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, १० मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर वेगाने खाली येतो. १ मायक्रोमीटरच्या कणाला एक मीटर उतरायला सुमारे तीन तास लागतात. ही धूळ मुख्यतः वरून खाली बसत असल्याने तिच्यासाठी छप्पर पुरते, हवाबंद कोठडी लागत नाही. दुसरी धूळ मशीन स्वतःच तयार करते. सुईच्या नेढ्यातून आणि दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधून घासत जाताना दोऱ्याचे तंतू तुटतात, सुई कापडातून वरखाली होताना आणखी तुटतात, आणि हा भुगा दात्यांखाली व बॉबिनच्या घरात साचत जातो. खोळ घालताना आपण त्यालाही आतच बंद करतो.

नुसता कोरडा भुगा फारसा उपद्रवी नसतो. त्याची तेलाशी गाठ पडली की खरी भानगड सुरू होते, आणि ती नीट समजण्यासाठी दिव्याची वात आठवावी. वातीतून तेल वर चढते ते केशाकर्षणाने: तंतूंमधल्या अरुंद फटीत द्रवाचा पृष्ठताण त्याला आत ओढतो, आणि ही ओढ फटीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. फट निम्मी केली की ओढ दुप्पट होते. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रोमीटर रुंद असतो आणि दाबून बसलेल्या भुग्यातल्या फटीही त्याच तोडीच्या असतात. १० मायक्रोमीटर त्रिज्येची नळी धरली आणि तेलाचा पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन मानला, तर ओढीचा दाब सुमारे ६,००० पास्कल येतो. एवढ्या दाबावर हलके तेल, निदान कागदावर, ७० सेंटिमीटर उंच चढू शकेल. आता याच वातीचे टोक शटल, म्हणजे बॉबिनभोवती दोरा फिरवणारा भाग, ज्या वाटेवर फिरते तिथे टेकले आहे असे समजा. धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या तेलाच्या पापुद्र्याला अशी ओढ लागली की तेल भुग्यात जाते आणि जिथे ते हवे असते तो सांधा कोरडा पडतो. मशीन आठवडाभर स्तब्ध उभे असले तरी ही चोरी चालूच राहते, कारण तिला गती लागत नाही.

तेलाने ओला झालेला भुगा मग हवेतले कण धरून ठेवतो. क्वार्ट्झची कठिणता मोह्सच्या मापावर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा दाखवणाऱ्या १ ते १० च्या श्रेणीवर, ७ आहे, तर साध्या पोलादाची ४ ते ५ च्या आसपास, म्हणजे ओरखडा कोणाला पडणार हे ठरलेलेच आहे. त्यातही गंमत अशी की असा कण मऊ धातूच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, रुतून बसतो आणि समोरच्या कठीण दांड्यालाच झिजवतो. पॉलिश पेपरमध्येही कागद मऊ असतो आणि घासणारे कण त्याला चिकटलेले असतात. तीच रचना इथे आपोआप तयार होते. तेलाऐवजी खाद्यतेल घातलेले असेल तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू चिकट होते आणि कणांना डिंकासारखे धरून ठेवते.

अनेकजण बॉबिनच्या घरात फुंकर मारतात. तिचा उपयोग कमी आणि अपाय अधिक, कारण पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर जवळपास स्थिर असतो आणि बारीक कण त्याच थरात लपलेले असतात. शिवाय कणाचे वजन व्यासाच्या घनाने घटते, पण पृष्ठभागाला चिकटवणारे रेणूंमधले आकर्षण केवळ व्यासाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे लहान कणाच्या बाबतीत चिकटण्याचे बळ वजनाच्या हजारो पट भरू शकते. फुंकरीने मोठे पुंजके तेवढे खोल जातात आणि उच्छ्वासातली वाफ आत राहते. ब्रशचा केस कणाला प्रत्यक्ष ढकलतो, म्हणून तो कामाचा.

खोळ कापडाची असावी, असे माझे मत आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. रात्रभरात २४ अंशांच्याही खाली थंडावलेल्या लोखंडाला सकाळी अशी हवा लागली की त्यावर दव धरते. खालून उघड्या असलेल्या प्लॅस्टिकच्या खोळीत ओलावा शिरतो, पण लवकर बाहेर पडत नाही, आणि कापसाचा भुगा तर ओलावा शोषतोच. कोरडे प्लॅस्टिक घर्षणाने विद्युतभारित होऊन धूळ ओढते, ही आणखी एक अडचण. ‘नॅनो’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या धूळरोधक फवाऱ्यांनी फार तर हा स्थिर भार कमी होईल. दात्यांखालचा नमदा त्यांना दिसतही नाही.

क्रम असा ठेवावा: आधी पट्टी काढून ब्रशने भुगा बाहेर काढणे, मग जरुरीपुरते तेल, मग दाबपायाखाली जाडसर सुती चिंधी, म्हणजे सुईच्या दांड्यावरून ओघळणारे जादा तेल ती टिपून घेईल, आणि सर्वांत शेवटी खोळ. मशीनच्या माथ्यावरची तेलाची भोके मात्र खोळीवरच अवलंबून असतात, कारण ती आभाळाकडे तोंड करून उघडी असतात आणि त्यांत पडलेला कण थेट सांध्याच्या वाटेला लागतो. तेल घालण्यापूर्वी भोकाचे तोंड कापडाच्या टोकाने पुसून घ्यावे. नाही तर तेलाचा पहिलाच थेंब काठावर बसलेली धूळ घेऊन आत उतरतो.